रे पामर

ज्या गृहस्थाविषयी आज लिहावयाचे योजिले आहे, त्याचा मल्लेश्वरमाशी काडीचाही संबंध नव्हता. अमेरिकेतील मिलवॉकी गावी १९१० साली तो जन्मला आणि १९७७ साली वारला. विज्ञानकथांचा तो वेडा वाचक होता. पुढे लेखक झाला, संपादक झाला, यथावकाश बदनामही झाला. आणि जिवंतपणीच एका चित्रकथेचा नायक झाला. मल्लेश्वरमात बसून त्याच्याविषयी लिहिण्याचे जे निमित्त आम्हांस सापडले आहे, ते एका विझत चाललेल्या ताऱ्याचे आहे. पण ताऱ्याची गोष्ट मागाहून. आधी नावाची.

त्याचे पूर्ण नाव रेमंड आल्फ्रेड पामर. लोक त्याला रे म्हणत. रे पामर! हे नाव प्रथम वाचले तेव्हा कोणी कीर्तनकारबुवा पूर्वरंगात श्रोत्यांकडे बोट रोखून बोलत आहेत, असाच आम्हांस भास झाला. मराठीत पामर म्हणजे दीन, क्षुद्र, कोणी हिशेबात न धरावा असा मनुष्य. इंग्रजीत त्या शब्दाचा मूळ अर्थ निराळा आहे. पॅलेस्टाइनची यात्रा करून, खूण म्हणून ताडाचे पान घेऊन परतणाऱ्या यात्रेकरूस मध्ययुगात पामर म्हणत. म्हणजे आपल्या वारकऱ्याच्याच जातीचा तो मनुष्य. मिलवॉकीच्या या पामराच्या वाट्यास दोन्ही अर्थ आले.

सातव्या वर्षी मालमोटारीची धडक बसून त्याच्या पाठीचा कणा मोडला. दोनएक वर्षांनी शस्त्रक्रिया झाली, ती फसली. वाढ खुंटली, पाठीस पोक आले, आणि पुरता वाढलेला रे पामर जेमतेम चार फुटांचा राहिला. बालपणाचा मोठा भाग अंथरुणात गेला. त्या अंथरुणात त्याने पुस्तकांचा फडशा पाडला, आणि १९२६ च्या एप्रिलात ह्यूगो गर्न्सबॅक याने केवळ विज्ञानकथांस वाहिलेले 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक काढले तेव्हा ते जणू या मुलासाठीच निघाले. ज्यास जिना उतरून रस्त्यावर जाणे कठीण, त्यास मंगळ फारसा दूर वाटत नाही. घराबाहेरचे सर्वच सारख्या अंतरावर असते.

गर्न्सबॅकने एक साधी गोष्ट केली होती. वाचकांची पत्रे छापताना तो पत्रलेखकाचा पूर्ण पत्ता छापी. त्यामुळे शिकागोचा वाचक न्यूयॉर्कच्या वाचकास परस्पर लिहू लागला. संपादक मध्ये उरला नाही. अशा पत्रव्यवहारातून एक मंडळ जमले, आणि वॉल्टर डेनिस व रे पामर यांनी १९३० च्या मे महिन्यात त्या मंडळाचे 'द कॉमेट' हे छोटेखानी पत्र काढले. हौशी वाचकांनी हौशी वाचकांसाठी काढलेले विज्ञानकथेचे पहिले नियतकालिक म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. या प्रकारास 'फॅनझीन' हे नाव पडले ते पुढे दहा वर्षांनी.

'फॅन' या शब्दास मराठीत नेमका प्रतिशब्द नाही, हे आम्हांस नेहमी खटकते. चाहता म्हटले की तो दुरून हात हलविणारा वाटतो. रसिक म्हटले की पानदान पुढे ओढून लोडास टेकणारा. भक्त म्हणावे तर देव आडवा येतो. नादिष्ट हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा, कारण नादास लागलेला मनुष्य स्वस्थ बसत नाही. ज्याचा नाद लागला त्याच्यासाठी पदरमोड करतो, पत्रे लिहितो, अंक काढतो, भांडतो.

परमुलखी नोकरी केलेल्या मराठी वाचकास हे सारे परके वाटू नये. बदलीच्या गावी मासिकाचा अंक यावयास चार दिवस उशीर झाला म्हणून टपालकचेरीत खेटे घालणारे स्नेही आपणांपैकी प्रत्येकाने पाहिले आहेत. 'केरळ कोकिळ' हे मासिक कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी १८८६ साली काढले ते मराठी मुलखापासून किती दूर, कोचीनहून! ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाची कादंबरी मराठीत आली ती १९०० च्या सुमारास, त्याच मासिकाच्या पानांतून, क्रमशः. मराठी मनुष्याने चंद्रावर पहिली स्वारी केली ती मलबारच्या वाटेने, असे म्हणावयास हरकत नाही.

न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागात ज्यूलियस श्वार्ट्झ नावाचा एक मुलगा अशाच नादास लागला होता. पामरहून तो पाच वर्षांनी लहान. १९३२ साली त्याने आपल्या मित्रांसह 'द टाइम ट्रॅव्हलर' हे असेच हौशी पत्र काढले. त्यानंतरच्या त्यांच्या मासिकात १९३३-३४ मध्ये 'कॉसमॉस' नावाची एक अजस्र कादंबरी निघाली. प्रत्येक प्रकरण निराळ्या लेखकाचे. त्या उद्योगात पामरचाही हात होता. क्लीव्हलंडच्या जेरी सीगेल नावाच्या आणखी एका विद्यार्थ्याने आपल्या चक्रमुद्रित पत्रात १९३३ च्या जानेवारीत 'सुपरमॅन' हे नाव एका दुष्ट माणसास देऊन गोष्ट लिहिली. तेच नाव पुढे त्याने एका सज्जनास दिले, आणि १९३८ च्या जूनच्या अंकात तो सज्जन निळ्या वेषात जगापुढे आला. चित्रकथांचे ते सारे साम्राज्य मुळात या पोरांच्या पत्रव्यवहारातून उभे राहिले आहे. ज्यांना मैदानात कोणी खेळावयास घेत नसे, अशीच त्यांतील पुष्कळ होती.

त्याच १९३८ च्या जूनपासून रे पामरही मोठा झाला. 'अमेझिंग स्टोरीज' नव्या मालकांकडे गेले आणि त्यांनी संपादकाच्या खुर्चीवर या चार फुटी वाचकास बसविले. आयझॅक आसिमॉव्हची छापून आलेली पहिली कथा १९३९ च्या मार्चात पामरनेच छापली. मात्र त्याची एकंदर अभिरुची उंची होती असे म्हणवत नाही. मासिकातील कथा बहुधा धावपळीच्या, भडक, अर्ध्या तासात वाचून विसरण्याजोग्या असत. खप वाढला. जाणते वाचक कुरकुरत होते, तोच १९४५ साल उजाडले आणि कुरकुरीचा संताप झाला.

या प्रकरणी थोडे थांबले पाहिजे, कारण सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या मनुष्यास ते इतरांहून अधिक कळेल. रिचर्ड शेव्हर नावाच्या एका कामगाराने मासिकास पत्र लिहिले होते. एका अतिप्राचीन भाषेची किल्ली आपणांस गवसली आहे. पृथ्वीच्या पोटातील गुहांतून एक विकृत जमात राहते, आणि जुन्या यंत्रांतून किरण सोडून वरच्या माणसांस छळते, अशी त्याची हकीकत. कचेरीतील सहायकाने ते पत्र मोठ्याने वाचले, हशा झाला, आणि पत्र केराच्या टोपलीत गेले. पामरने ते टोपलीतून बाहेर काढले, असे सांगतात. पुढे त्याने शेव्हरचे लिखाण सुधारून, वाढवून १९४५ च्या मार्चच्या अंकात छापले, आणि वर ठासून सांगितले की ही कथा नव्हे, सत्य आहे. पत्रांचा पाऊस पडला. आपणांसही ते आवाज ऐकू येतात, असे लिहिणारे शेकड्यांनी निघाले.

असे पत्र प्रत्येक कचेरीत येते. आमच्या नोकरीच्या काळात एका तालुक्याच्या गावी एका निवृत्त शिक्षकाचा अर्ज दरमहा येई. अक्षर मोत्यासारखे, समास आखलेला, मायना बिनचूक. शेजारी विहिरीच्या रहाटातून रात्री आपल्या मस्तकात वीज सोडतो, तरी चौकशी व्हावी, ही विनंती. शिरस्तेदार चहाच्या वेळी तो अर्ज सर्वांस वाचून दाखवीत आणि मग त्यावर आवक क्रमांक घालून तो दप्तरी दाखल होई. एके वर्षी अर्ज यावयाचा थांबला. दोन महिने गेल्यावर शिरस्तेदारांनीच चौकशी केली. शिक्षक वारले होते. त्या दिवशी चहाच्या वेळी कोणी फारसे बोलले नाही.

अशा पत्राचे काय करावे? टोपलीत टाकावे हे एक. दप्तरी दाखल करावे हे दुसरे. आणि टोपलीपेक्षा ते अधिक सभ्य दिसते, एवढेच. पामरने तिसरेच केले. त्याने पत्र लिहिणाऱ्यास लेखक केले. तो शेव्हरच्या घरी जाऊन राहिला, आणि रात्री आपणही आवाज ऐकले असे त्याने लिहिले. यात दया किती आणि धंदा किती? विज्ञानकथेचे जाणकार धंदा म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. दुखणाईत मनाची व्यथा रंगीत वेष्टणात घालून विकली गेली. आपल्या भ्रमांस छापील पुरावा मिळाला म्हणून अनेक दुबळी मने अधिक भरकटली असतील. शेव्हरची गुहेतील वर्षे ही वस्तुतः मनोरुग्णालयातील वर्षे होती, हे पुढे खुद्द पामरनेच लिहिले. आमचा कौलही पामरच्या विरुद्धच पडतो. तथापि एक गोष्ट मनातून जात नाही. ज्या खोलीत ते पत्र वाचून हशा पिकला, तेथे हसू कसे असते हे लहानपणापासून अंगावर सोसलेला मनुष्य एकच होता. आणि पत्र टोपलीतून त्यानेच काढले. धंद्यापुरता संबंध ठेवणारे संपादक अंक खपला की लेखकास विसरतात. शेव्हर पुढे काही वर्षे पामरच्याच गावी, विस्कॉन्सिनमधील अ‍ॅमहर्स्ट येथे, येऊन राहिला.

१९४७ साली अमेरिकेत उडत्या तबकड्यांचा बोभाटा झाला, आणि १९४८ साली पामरने 'फेट' नावाचे मासिक सुरू करण्यात भाग घेऊन त्या तबकड्याही पदरात घेतल्या. मोठ्या शहरातील संपादकपद सुटले. अ‍ॅमहर्स्टच्या खेड्यात बसून तो गूढविद्येची व तबकड्यांची मासिके काढीत राहिला. ज्या मंडळाचा पाया त्याने घातला, ते त्याचे नाव घ्यावयासही लाजू लागले.

आणि १९६१ साल आले. ज्यूलियस श्वार्ट्झ आता चित्रकथांच्या एका मोठ्या प्रकाशनसंस्थेत संपादक होता. जुन्या, विस्मृतीत गेलेल्या वीरांना नवा वेष चढवून पुन्हा उभे करण्याचा त्याचा हातखंडा होता. असा एक जुना वीर 'अ‍ॅटम' नावाचा होता; १९४० सालचा. त्याचे वैशिष्ट्य एवढेच की तो बुटका होता, मित्र त्याची थट्टा करीत, म्हणून त्याने शरीर कमावले. श्वार्ट्झ, लेखक गार्डनर फॉक्स व चित्रकार गिल केन यांनी त्याच नावाचा वीर नव्याने घडविला. हा नवा अ‍ॅटम पुरुषभर उंचीचा, देखणा, ताठ कण्याचा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक आहे. आकाशातून पडलेल्या एका तुकड्यापासून तो भिंग घडवितो आणि त्याच्या योगे आपल्या इच्छेनुसार लहान होतो: बोटभर, मुंगीएवढा, परमाणूएवढा. काम झाले की पुन्हा पूर्ववत. श्वार्ट्झने त्याचे नाव ठेवले रे पामर.

खरा रे पामर तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होता आणि अ‍ॅमहर्स्टला होता.

त्या चित्रकथेची एक जीर्ण प्रत आम्हांस बंगळूरच्या अ‍ॅव्हेन्यू रोडवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात, क्रमिक पुस्तकांच्या खाली मिळाली. वाचता वाचता त्या तुकड्यापाशी आम्ही अडलो. तो श्वेतबटू ताऱ्याचा तुकडा आहे, असे तेथे लिहिले आहे. श्वेतबटू म्हणजे आतील इंधन संपून आक्रसलेला तारा. वस्तुमान सूर्याच्या तोडीचे, आकार पृथ्वीएवढा. चहाच्या चमच्यात मावेल इतके त्याचे द्रव्य पृथ्वीवर काही टन भरेल. चित्रातील प्राध्यापकमहाशय तो गोळा धापा टाकीत का होईना, दोन हातांत उचलून नेतात! वरचा दाब नाहीसा होताच असले द्रव्य क्षणार्धात फुटून विखुरले असते, ही गोष्ट तर निराळीच. पण चित्रकथेकडे जामीन मागू नये.

येथेच आमचे मल्लेश्वरम आले. १८९८ च्या प्लेगनंतर वसलेल्या या वस्तीचे नाव काडू मल्लेश्वराच्या देवळावरून पडले, आणि त्या देवळाशी शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचे नाव १६६९ च्या शिलालेखाने जोडलेले आहे. म्हणून येथील मराठी माणसे या देवळात जरा ऐसपैस उभी राहतात. देवळापासून काही रस्ते पलीकडे 'पंचवटी' नावाचे घर आहे. नाव वाचून नाशिककरास गहिवर यावा; परंतु ते घर सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे. त्यांचे पुतणे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर हेही १९१० सालीच जन्मले, पामरचेच समवयस्क. 'द कॉमेट' निघाले त्याच १९३० सालच्या जुलैअखेर चंद्रशेखर मुंबईहून आगबोटीने विलायतेस निघाले, आणि त्या प्रवासात त्यांनी जे गणित आरंभिले त्यातून निष्पन्न झाले ते असे: श्वेतबटू ताऱ्याच्या वस्तुमानास मर्यादा आहे, सूर्याच्या सुमारे १.४ पट. त्याहून जड तारा श्वेतबटू म्हणून टिकू शकत नाही, तो आणखी कोसळतो. १९३५ च्या जानेवारीत लंडनच्या विद्वत्सभेत एडिंग्टनसारख्या धुरंधराने या सिद्धान्ताची भर सभेत टर उडविली. हशा झाला. नोबेल पारितोषिक आले ते १९८३ साली.

एका बाजूस हे गणित आणि दुसऱ्या बाजूस चार आण्यांच्या करमणुकीतील तो भिंगाचा तुकडा. दोहोंस एका तागडीत घालावे असा आमचा आग्रह नाही. पण सकाळी फिरावयास जाताना 'पंचवटी'वरून गेलो की हल्ली आम्हांस दोघेही आठवतात. फॉक्सने किंवा श्वार्ट्झने हा तारा नुसता हाताशी आला म्हणून घेतला असेल. तरी जो तारा खचून लहान झाला आणि वजन मात्र ज्याने टाकले नाही, तोच या नावास लाभावा, हे आम्हांस फार योग्य वाटते. कारण चित्रकथेतील अ‍ॅटमची खरी शक्ती लहान होण्यात नाही. तो बोटाएवढा झाला तरी आपले वजन पाहिजे तेवढे राखू शकतो. त्याच्या इवल्याशा मुठीचा ठोसा पुऱ्या माणसाचा बसतो. कचेरीत 'वजन' या शब्दाचा जो अर्थ आहे तो ठाऊक असलेल्यांस अधिक सांगावयास नको. दुसरी एक गंमत अशी की, दूरवर जावयाचे झाले की तो दूरध्वनीचा क्रमांक फिरवितो, सूक्ष्म होतो आणि तारेतून पलीकडच्या घरात उतरतो. पत्त्याच्या आधारे ज्यांनी एकमेकांस शोधून काढले, त्या पोरांपैकी एकाच्या नावास हेही शोभते.

आमचे एक चोखंदळ स्नेही म्हणतात की, हा सन्मान नसून थट्टा आहे. बुटक्या पोकाड मनुष्याचे नाव ठेंगू होणाऱ्या वीरास द्यावयाचे, यात कसली आली मैत्री? त्यांचे म्हणणे आम्ही झिडकारीत नाही. वर्गातील मुले नावे ठेवतात तीही बहुधा मित्रच असतात. अष्टावक्राचे नाव तरी काय आहे? आठ ठिकाणी वाकडा. जनकाच्या सभेत त्यास पाहून हशा झाला, तेव्हा येथे सारे चामड्याचे पारखी जमलेले दिसतात असे तो म्हणाला, आणि त्या नावास पुढे कोणी हसले नाही. नावाचे काय होते हे ते घेऊन कोण उभा राहतो यावर असते. येथे घेऊन उभा राहिला तो एक शास्त्रज्ञ, आणि तोही कोणाच्या थट्टेचा विषय नसलेला.

शिवाय वेळ पाहावी. १९६१ साली रे पामरचे नाव घेणे ही काही फायद्याची गोष्ट नव्हती. तो तबकडीवाला, तो शेव्हरवाला, त्याने आपली अब्रू घालविली, असेच जाणकार म्हणत. श्वार्ट्झला नाव ठेवावयाचेच होते तर प्रतिष्ठित मित्रांची वाण नव्हती. तरुणपणी तो साहित्यिकांचा अडत्या होता आणि रे ब्रॅडबरीच्या कथा त्यानेच विकल्या होत्या. त्याने निवडला तो 'कॉमेट'वाला. नंतरचे सारे त्याने जमेस धरले नाही. संस्था माणसाचा शेवटचा शेरा पाहते. पहिली भेट ध्यानात ठेवण्याचे काम मित्रांकडे असते.

एकच गोष्ट आम्हांस सलते. चित्रातला पामर इच्छेने लहान होतो. खऱ्या पामरास इच्छा कोणी विचारली नव्हती. मित्राने त्याचा कणा कागदावर सरळ केला, त्यास उंची दिली, आणि लहानपण हे परत करता येण्याजोगे करून टाकले. हे औदार्य की विसर, यावर आमचे व आमच्या स्नेह्यांचे अद्याप एकमत झालेले नाही.

श्वार्ट्झ २००४ साली वारला. अ‍ॅटम अजून आहे. २०१६ साली सुरू झालेल्या एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेत रे पामरचे काम ब्रँडन राउथ या नटाने केले. सहा फुटांहून उंच असा हा गडी २००६ च्या चित्रपटात सुपरमॅन झाला होता. ती मालिका पाहणारा दहा वर्षांचा एक मराठी मुलगा आमच्या शेजारी राहतो. त्यास आम्ही ती जीर्ण प्रत दाखविली आणि खरा रे पामर चार फुटांचा होता हे सांगितले.

"म्हणजे तो लहानच राहायचा, आजोबा? परत मोठा होता यायचं नाही त्याला?"

नाही, असे आम्ही म्हटले. त्याने पाने उलटून तारेतून जाणारा अ‍ॅटम पाहिला, आणि पुस्तक उद्यापर्यंत घरी नेऊ का, असे विचारले.